वरच्या स्लॅबमधले आबाजी

"आधी प्रफुल्लचं बिल ठेव टेबलावर," मोठे मामा म्हणाले. "नाहीतर पुन्हा म्हणेल, मी गोव्यात बसलो अन् तुम्ही नागपुरात ठरवून टाकलं."

"ऐकू येऊन राहिलं बरं का मला," लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेल्या फोनमधून धाकटे मामा बोलले.

कुंदामामींनी बोट चाटलं, टेबलावर सांडलेला आमरस पदराने टिपला आणि विजेची तीन बिलं शेजारी शेजारी मांडली. फोंड्याचं, नागपूरचं आणि आमचं चेंबूरचं. कूलरच्या वाऱ्याने ती उडायला लागली तेव्हा त्यांवर एकेक वाटी पालथी घातली. मग मोठे मामा, मामी, माझी आई आणि फोनमधले धाकटे मामा असे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"हां केतकी. आता तू सांग," मोठे मामा म्हणाले. "तू एमएस्सी फिजिक्स. तुझं गणित पक्कं, अन् तुझा कोणाकडे ओढा नाही."

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. तिथून ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज येत होता. एक ठोका, मग लांब फुसकारा, पुन्हा ठोका. मी बसले होते तिथून आबाजींचे फक्त पाय दिसत होते, खाटेवरून खाली सोडलेले, सुजलेले.

आबाजी म्हणजे माझ्या आईचे वडील. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये त्यांचा सगळा जन्म गेला. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांवर ते उभे राहायचे, आणि हवेत उडणारी रुई श्वासाबरोबर आत जायची. म्हातारपणी तिने हिशेब मागितला. त्या मे महिन्यात त्यांना नागपूरच्या दवाखान्यातून सोडलं ते एका अटीवर: नाकात नळी, आणि मशीन रात्रंदिवस चालू. आंघोळीपुरती काढली तर चालेल, एरवी नाही. आजी आधीच गेली होती, हिंगणघाटचं घर कुलपात होतं. तेव्हा प्रश्न एवढाच उरला होता, की आबाजींनी आता राहायचं कोणाकडे. आणि कोणाकडेच नाही जमलं तर काय, याचं उत्तर फळीवर आणून ठेवलेलंच होतं. उमरेड रोडवरच्या एका वृद्धाश्रमाचं रंगीत पत्रक. त्यात लाइटबिल पॅकेजमध्येच असल्याचं ठळक अक्षरांत छापलं होतं. मामींनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं होतं.

'आम्हाला नकोत' असं कोणीही म्हणालं नव्हतं. आईच्या माहेरी, खोडक्यांच्या घरात, तसं म्हणत नाहीत. तिथे म्हणतात, न्यायानं करू. आजीच्या पाटल्या सोनाराच्या काट्यावर तीन भागांत तोडल्या गेल्या तेही न्यायानं. आजीचा खुबा मोडला तेव्हा तिचे महिने तिघांत वाटले होते, आणि फेब्रुवारी कोणाच्या वाट्याला गेला यावरून दोन भावांत वर्षभर अबोला होता. आता मशीन आलं होतं. मशीन विजेवर चालतं, विजेचे दर गावोगाव वेगळे. मग जिथे स्वस्त पडेल तिथे बाबांना ठेवू आणि बाकीचे दोघे आपापला हिस्सा पाठवतील, असा मोठ्या मामांचा, म्हणजे मनोहरमामांचा, प्रस्ताव होता.

ऐकायला तो ठीकच वाटत होता. खरं सांगायचं तर मला प्रश्नच आवडला होता. तीन ठिकाणं, तीन दरपत्रकं, एकच यंत्र. मी वही काढली.

"एका गावात सगळ्या युनिटांना एकच दर नसतो," मी म्हटलं. "पहिले काही युनिट स्वस्त, पुढचे महाग, त्याच्या पुढचे आणखी महाग. स्लॅब म्हणतात तेच. या तीन बिलांत गोव्याचे दर सगळ्यांत कमी दिसतायत."

"अगं, पण आमच्याकडे झाड पडलं की लाइट जाते," फोन म्हणाला. "पावसाळाभर झाडंच पडतात. मग इन्व्हर्टर. त्याच्या बॅटरीचा खर्च कोणी धरायचा?"

"निघाला बघा अंगावरून झटकून," मामी पुटपुटल्या.

"वहिनी, मी ऐकलं. अन् तुमच्या नागपुरात मशीन तापते, खोलीत कूलर लागेल. तो धरला का?"

"कूलर तर आम्ही टॉमीलाही लावतो बापा," मोठे मामा म्हणाले. टॉमी त्यांचा कुत्रा. "त्याचं काय धरायचं?"

"आमच्याकडे तर लाइटची कंपनीच वेगळी," आई घाईने म्हणाली. "आणि दोन खोल्यांत मशीन ठेवायचं तरी कुठे?"

"जागेचा विषय नाही आज, उज्जू," मोठे मामा म्हणाले. "आज फक्त लाइट."

मी मशीनवर छापलेले वॉट बघून आले आणि महिन्याचे युनिट काढले. अडीचशेच्या आसपास येत होते. ते मी नागपूरच्या बिलात मिळवायला घेतले तोच मोठे मामा टेबलावर पुढे झुकले.

"इथं एक बारकी गोष्ट पाह. आमचं बिल आधीच काठावर आहे. बाबांचं मशीन लागलं की आम्ही डायरेक्ट वरच्या स्लॅबमध्ये. म्हणजे ते वरचे महागाचे युनिट कोणाचे झाले? बाबांचे. सगळे बाबांचे. तेव्हा आमच्याकडचा दर धरताना सगळ्यांत वरचा धर."

मी पेन थांबवलं. "मामा, कुठलं युनिट कोणाचं ते मीटरला कळत नाही. तो नुसती बेरीज करतो."

"त्याला नाही कळत, पण आपल्याला तर कळते ना."

"मग उलटंही धरता येईल. आधी मशीनचे युनिट मोजले तर ते स्वस्तातले होतात. वरचे महागाचे मग तुमच्या दोन एसींचे."

"असं कसं?" मामी म्हणाल्या. "एसी आधीपासून आहेत घरात!"

"आबाजी एसीच्या आधीपासून आहेत."

आतून एक ठोका आला आणि फुसकारा. मग फोनमधून धाकटे मामा हसले. त्यांना भावाची जिरलेली आवडली होती. पण लगेच म्हणाले, "ते काही असो, केतकी. आमच्याकडेही वरच्याच स्लॅबचा दर धर. न्याय सगळ्यांना सारखा."

"मग आमच्याकडेही," आई म्हणाली.

तिघांनी तीन शहरांत आपापले एसी, गीझर, ओव्हन, कपड्यांचं मशीन स्वस्त युनिटांवर बसवून घेतले आणि आबाजींना वरच्या स्लॅबमध्ये. मामींच्या बोटाचा पिवळा ठसा नागपूरच्या बिलावर, बरोबर एकूण रकमेच्या बाजूला उमटला होता.

"छापलेल्या वॉटवर जाऊ नका," मी म्हटलं. मला विषय यंत्रापर्यंत परत न्यायचा होता. "यंत्र प्रत्यक्षात किती खातं ते मोजू या. माझ्याकडे प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर आहे. एक दिवस लावून ठेवू. खरा आकडा मिळेल."

"शाब्बास! ह्याला म्हणतात शिक्षण," मोठे मामा म्हणाले आणि उरलेला रस एका घोटात प्यायले.

मीटर लावायला मी आत गेले तेव्हा मामीही मागून आल्या. आबाजी उशीला टेकून बसले होते. नळीचे वळ गालांवर पडले होते.

"काय लावून राहिली वो?" त्यांनी विचारलं. दोन-तीन शब्दांनंतर त्यांना थांबावं लागायचं.

"तुमचं मशीन किती लाइट खाते ते मोजून राहिली केतकी," मामी मोठ्याने म्हणाल्या. आबाजींना कमी ऐकू येतं असं मामींनी का कोण जाणे ठरवून टाकलं होतं.

"अन् जास्त खाल्ली तं?"

"तं मग काय, उमरेड रोड!" मामी हसल्या. "गंमत केली हो बाबा. लगेच तोंड पाडू नका."

आबाजी हसले. मीटरच्या हिरव्या आकड्याकडे ते बघत राहिले. जिनिंगमध्ये नवीन यंत्र आल्यावर बघत असतील तसे, डोळे बारीक करून.

"हा आकडा वाढतच जाते?"

"मशीन चालू आहे तोवर वाढणार."

"हं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. खोलीखोलीतून एसी लागले आणि दारं बंद झाली. मला दुपारची झोप येत नाही. मी बाहेरच्या खोलीत वहीत रकाने आखत बसले होते. मीटर लावून पुरा दिवस संध्याकाळी होणार होता, पण सकाळीच एकदा आकडा बघून आले होते आणि तेव्हापासून मला चैन नव्हतं. आकडा कमी होता. झालेल्या तासांच्या मानाने पंचवीस टक्क्यांनी कमी. यंत्र त्या क्षणी किती वॉट घेतं ते मी दोनदा बघितलं. ते छापल्याइतकंच बरोबर होतं. एवढ्या सरळ ओढीने चालणाऱ्या यंत्राचा दिवसाचा आकडा असा कमी येऊ शकत नाही. मीटर बिघडला असेल म्हणून मी तो टेबल-फॅनला लावून तपासणार होते.

तेवढ्यात लक्षात आलं, की आतला ठोका थांबलाय.

दिवे चालू होते. एसी घुमत होते. मी उठून दार ढकललं. आबाजी खाटेच्या काठावर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढे, खांदे कानांपर्यंत वर चढलेले. नळी नाकातच होती. उजव्या पायाचा अंगठा मशीनच्या बटणाशी होता. ओठांचा रंग जांभळाच्या सालीसारखा झाला होता.

मी बटण दाबलं. मशीन सुरू झालं. त्यांच्या बोटाला मी तो चिमटा लावला, रक्तातला ऑक्सिजन सांगणारा. आकडा बघितला आणि पुन्हा बघितला नाही. बराच वेळ त्यांना बोलता येईना. मी पाठीवर हात फिरवत बसले. कडक बरगड्या, आणि आत काहीतरी कोंबडीच्या पिलासारखं धडधडत होतं.

"आबाजी, काऊन बंद केलं?" मीही त्यांच्यासारखंच बोलून गेले.

"सवय करून... राहिलो."

"कशाची?"

ते हसायचा प्रयत्न करत होते. "दुपारून... सारे झोपतेत. रात्रीही झोपतेत. तेव्हा करतो बंद. बसून रायलं... का जमते. झोपलं का नाही जमत."

"म्हणजे रात्री तुम्ही बसून असता?"

"जिनिंगात... उभा रायत होतो. रात्रपाळी." त्यांनी मीटरकडे बोट केलं. "कमी आला ना आकडा?"

मी त्यांच्या गालावरची नळी सरळ केली.

"सांग ना वो. कमी आला?"

"आला."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी आजवर विसरू शकलेले नाही. "मंग झालं," ते म्हणाले. "मंग मनोहर ठेवते मले. तिकडं... आश्रमात नको वो, केतके. तिथं कोनी आपल्या नावानं हाक मारत नाही." मग माझं मनगट धरून म्हणाले, "त्यायले सांगू नको."

मी त्यांना कबूलही केलं नाही आणि नाही असंही म्हटलं नाही. मी माझी खुर्ची आणली आणि सगळे उठेपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिले. ते झोपले. आडवे, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे.

संध्याकाळी मी चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेले होते तेवढ्यात मोठ्या मामांनी स्वतःच आत जाऊन आकडा वाचला. मी बाहेर आले तेव्हा फोन बरणीला टेकलेला होता आणि टेबलाभोवती जणू साखरपुडा ठरला होता.

"सहा पॉइंट तीन!" मोठे मामा मला म्हणाले. "तू आठच्या वर सांगत होतीस. पाहा, मोजल्याशिवाय बोलू नये."

"म्हणजे महिन्याचं बरंच खाली येते की," मामी म्हणाल्या. "बाबांची तब्येत सुधारली म्हणून मशीन कमी ओढत असेल."

"एवढंच असेल तर मी नाही कुठे म्हणतोय?" धाकटे मामा फोनमधून म्हणाले. "पाठवा. पावसाळा सोडून पाठवा."

"आता कसा सुचला बाप!" मोठे मामा खुशीत ओरडले. "राहू दे, राहू दे. नागपूरला काय कमी आहे? तुम्ही दोघं हिस्से पाठवा म्हणजे झालं."

आई माझ्याकडे बघून हसत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सुटल्याचं.

"मशीन कमी ओढत नाही," मी म्हटलं. "आबाजी ते बंद करतात."

चहाचे कप जिथल्या तिथे राहिले.

"तुम्ही झोपलात की ते पायाने बटण बंद करतात आणि बसून राहतात. रात्री झोपतसुद्धा नाहीत. दुपारी मी बघितलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. आकडा कमी यावा म्हणून. तुम्ही ठेवून घ्यावं म्हणून."

मनात मी एका गोष्टीची वाट बघत होते, आणि ती येणार याची मला खात्री होती. कोणीतरी उठेल. खुर्ची मागे सरकेल. आई तर नक्कीच धावत आत जाईल. एवढं ऐकल्यावर माणसं बसून राहत नाहीत, असं मी धरून चालले होते.

"किती तास?" फोनने विचारलं.

"काय?"

"बंद किती तास होतं सगळं मिळून? तुझ्या आकड्यावरून निघेल ना?"

मी यांत्रिकपणे सांगितलं. "सहा."

"सहा तास," मोठे मामा सावकाश म्हणाले. कपात बिस्किट बुडवून त्यांनी ते मऊ होऊ दिलं. "म्हणजे सहा तास जमते त्यांना. मशीनशिवाय."

"डॉक्टर लोकांचं तर असंच असते," मामी म्हणाल्या. "जास्तीचंच सांगून ठेवतात. अंगावर यायला नको म्हणून."

"मामी, ते निळे पडले होते."

"पण आता बरे आहेत ना? मघा पाहिलं मी. मस्त झोपलेत."

मी आईकडे बघितलं. ती बांगड्या मागे सारत होती. अवघड काही बोलायच्या आधी ती नेहमी तसं करते. मला तापात ज्या आवाजात ती औषध घ्यायला लावायची, त्याच आवाजात ती म्हणाली, "केतू, चिडू नकोस. तू असं कर ना... अठरा तास धरून कर."

आणि तेव्हा आतून आवाज आला. आबाजी झोपलेले नव्हते. दार उघडंच होतं, कायम उघडंच असायचं.

"केतके," त्यांनी हाक मारली. मग श्वास घेतला. टेबलावरचे सगळे वाट बघत राहिले. "सोळाही... जमतीन."

"पाहा," मोठे मामा हळूच म्हणाले. "ते स्वतःच म्हणून राहिले."

त्यांनी बिस्किट तोंडात टाकलं. मऊ झालेला अर्धा तुकडा मिशीला लागून राहिला. मी त्या तुकड्याकडे बघत होते. मग मोरीत जाऊन उभी राहिले. नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी आमचं परतीचं तिकीट होतं. सकाळी मी एक काम केलं. ऑक्सिजनची लांब नळी आणली आणि मशीन आबाजींच्या खोलीतून उचलून बाहेर, जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवलं. नळी दाराखालून आत घेतली. आता त्यांचा पाय बटणापर्यंत पोचणार नव्हता. पुन्हा पुन्हा तपासून मी उठले तर मामी मागे उभ्या होत्या.

"हे फार बरं केलंस," त्या म्हणाल्या. माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "मी हेच म्हणणार होते. बिचाऱ्यांना पायानं चाचपावं लागायचं. आता बटण आमच्या हाताशी. रात्री दार लावताना मीच बंद करत जाईन, अन् सकाळी दूध घेतलं की चालू. त्यांना त्रास नको."

त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांना खरोखरच म्हाताऱ्याचा एक त्रास कमी करायचा होता. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात गरम होता, त्याला फोडणीचा वास येत होता, आणि मला तो अंगावरून झुरळ झटकावं तसा झटकावासा वाटला.

मी टेबलापाशी गेले. मोठे मामा पेपर वाचत होते, आई बॅगेची चेन लावत होती.

"एक घर राहिलं हिशेबातून," मी म्हटलं.

"कोणतं?"

"हिंगणघाटचं. आबाजींचं स्वतःचं. तिथे एसी नाही, गीझर नाही, काही नाही. मीटर जवळजवळ शून्यापासून सुरू होईल. मशीन चोवीस तास चालवलं तरी वरच्या स्लॅबला कधी लागणार नाही. या तिन्ही बिलांपेक्षा स्वस्त."

मोठ्या मामांनी पेपर खाली घेतला. "हे खरं आहे?"

"तुम्हीच ताडून बघा."

त्यांनी बघितलं नाही. ते हसले, लहान मुलीला हसतात तसे. "अगं बाई, लाइटचं ठीक आहे. पण तिथं त्यांच्याजवळ राहणार कोण?"

आईची चेन अर्ध्यावर थांबली. मामींनी गॅस बारीक केला. ते एक वाक्य टाळण्यासाठी त्यांनी दोन दिवस वीज मोजली होती, माझ्याकडून मोजून घेतली होती.

"मी," मी म्हटलं.

"वेडी आहेस का?" आई म्हणाली. "एक तारखेला पुण्याला नोकरीवर हजर व्हायचंय तुला."

"तू जा, आई. गाडी चुकेल."

तिने चेन पुरी लावली.

पुण्याच्या प्रयोगशाळेने माझी जागा महिनाभर धरून ठेवली आणि मग दुसऱ्याला दिली. हिंगणघाटात मी अकरावी-बारावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. आबाजींच्या खोलीत मशीन खाटेजवळच ठेवलं होतं. पहिले काही दिवस ते बटणाकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, मग त्यांनी बघणं सोडलं. रात्री ते आडवे होऊन झोपायचे. शेजारपाजारचे जिनिंगमधले जुने लोक दाराशी येऊन त्यांना नावाने हाक मारायचे. ते दोन उन्हाळे जगले.

मशीन तेवढा सगळा काळ चोवीस तास चालू होतं. दर महिन्याला बिल आलं की मी त्याचे तीन भाग करून फोटो पाठवायचे. तिघांचेही पैसे त्याच दिवशी जमा व्हायचे. आईचे तर कधीकधी तासाभरात. युनिट किती झाले, स्लॅब कुठला लागला, कोणाचा वाटा किती, हे त्या दोन वर्षांत एकानेही विचारलं नाही. मे महिन्यात मी आबाजींच्या खोलीत कूलर लावला आणि बिल दीडपट आलं, तेव्हा मला वाटलं आता तरी कोणी काही म्हणेल.

मोठ्या मामांचा फोन आला खरा.

"केतकी," ते म्हणाले, "यावेळी जरा जास्तीचे टाकले आहेत. आणखी लागले तर सांगत जा, संकोच नको करू. पैशाचं काही नाही."